‘नु’ची गाठ

थंडी पडली की सूत तुटायला लागतं. हवा कोरडी होते, ताण्यातली एखादी तार ताण सोसत नाही, आणि चालता माग थांबवून ती जोडावी लागते. खासबागेतल्या आमच्या गल्लीत थंडी अशी कानांनी कळते. कपाटातले स्वेटर नंतर निघतात. एरवी एका लयीत चाललेली खडखड मध्येच थांबते, दोन-चार श्वास शांतता, मग पुन्हा खडखड. घरोघरच्या बायका मागाखालच्या फरशीवर पाणी शिंपडतात, हवेला जरा ओल राहावी म्हणून. ओल्या फरशीचा, खळीचा आणि मागाला घातलेल्या तेलाचा मिळून एक वास उठतो. त्या वासात मी वाढले.

यंदा जवळजवळ तीन वर्षांनी या दिवसांत मी घरी आहे. परवा सकाळी अंथरुणातच होते. शेजारच्या घरातला माग थांबला आणि मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. पाचाला माग चालू झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मी श्वास धरून ठेवला होता. ही सवय मला चार वर्षांपूर्वीच्या एका हंगामानं लावली. दसऱ्यानंतर सुरू झालेला आणि संक्रांत ओलांडून संपलेला तो हंगाम. लोक हंगाम पिकांवरून लक्षात ठेवतात. मी तो एका अक्षरावरून लक्षात ठेवला आहे.

आमच्या घरात तेव्हा माणसं तीन आणि माग दोन. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत आम्ही. आप्पा साड्या विणायचे. आई कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायची. मी नर्सिंग करून गावातल्याच एका खासगी दवाखान्यात लागले होते. सकाळची ड्यूटी संपली की टिळकवाडीत मॅडमकडं जपानी शिकायला जायचं. मॅडम नवऱ्याच्या नोकरीमुळं तिकडं बरीच वर्षं राहून आलेल्या. त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही सहाजणी बसायचो. सगळ्यांनाच तिकडं जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचं काम धरायचं होतं. त्यासाठी आधी भाषेची परीक्षा, ती डिसेंबरात, पुण्याला. आप्पांना हा बेत माझ्याहून जास्त पटलेला. त्यांची शंका एकच होती, ती त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतली: तिकडची म्हातारी माणसं आपल्या म्हाताऱ्यांसारखीच हट्टी असतात काय.

आम्हा मराठी-कन्नड सीमेवरच्या पोरींना नव्या लिपीचं भय वाटत नाही. घरात एक, दुकानाच्या पाटीवर दुसरी, दवाखान्याच्या कागदांवर तिसरी. चौथी आली तर तिलाही कुठंतरी जागा होईल, अशा हिशोबानं मी बसले. पहिली सेहेचाळीस अक्षरं पंधरा दिवसांत हाताखाली आली. अडलं ते एका जोडीपाशी. एकाचा उच्चार ‘मे’, ते असं दिसतं: め. दुसऱ्याचा ‘नु’, ते असं: ぬ. दोन्हींत आधी एक तिरकी रेघ, मग तिला छेदून खाली उतरणारी आणि मोठा वळसा घेणारी दुसरी रेघ. इथंवर दोन्ही जुळी. पुढं ‘मे’ शेपूट सोडून मोकळं होतं. ‘नु’ मात्र अगदी शेवटाला, उजव्या कोपऱ्यात, एक बारीक गाठ मारून थांबतं. घाईत वाचताना मला ती गाठ दिसायची नाही आणि घाईत लिहिताना ती मारायची राहून जायची. मॅडमनी माझ्यासाठी शिक्षाच काढली. चौकटीच्या वहीत रोज दहा ओळी नुसत्या ‘नु’च्या. एका ओळीत आठ घरं.

तो दिवस माझ्या सुट्टीचा होता. खंडेनवमीला मागांना वाहिलेली झेंडूची माळ अजून तशीच लोंबत होती, वाळून तांबडी झालेली. जेवणं उरकली होती. आई वडगावला कुणाला तरी बघायला गेली होती. मी मागच्या खोलीत खिडकीखाली पालथी पडून ‘नु’ गिरवत होते आणि पुढं आप्पांचा माग चालू होता. तो थांबला. त्यात विशेष काही नव्हतं. तार तुटली की माग थांबतो, आप्पा वाकतात, दोन टोकं चिमटीत धरून गाठ मारतात, आणि तुम्ही पाणी पिऊन भांडं खाली ठेवायच्या आत माग पुन्हा सुरू झालेला असतो. त्या दिवशी तो सुरू झाला नाही. ते मला कळलं. माग चालू होत नाही, हे मला चांगलं कळलं, आणि तरी ओळीतली चार घरं उरली होती म्हणून मी ती पुरी केली. चार वेळा ‘नु’. चारही वेळा नीट गाठ मारून. मग उठले.

आप्पा मागापाशी वाकून उभे होते. तुटलेल्या तारेचं एक टोक डाव्या हातात होतं. उजव्या हातातलं निसटत होतं, ते पुन्हा धरत होते, पुन्हा निसटत होतं. मी हाक मारली. त्यांनी वळून बघितलं तर ओठाचा एक कोपरा खाली आला होता. मी नर्स आहे. मला पुढचं काहीही कुणी सांगायला नको होतं. शेजारच्या रिक्षात त्यांना घातलं, डोकं माझ्या खांद्यावर धरलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिले. तिथं डॉक्टरांनी विचारलं, हे कधी सुरू झालं. मी आप्पांना बघितलं ती वेळ सांगितली. माग थांबला ती वेळ मी सांगितली नाही.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. जीव वाचला. दहा-बारा दिवसांनी आम्ही त्यांना घरी आणलं. उजवा पाय ओढत होता, उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथंच राहायचा, आणि बोलणं गेलं होतं. सगळं गेलं नव्हतं. एक शब्द राहिला होता: न्हाय. चहा पाहिजे का विचारलं तर ‘न्हाय’ म्हणायचे आणि डाव्या हातानं कप ओढून घ्यायचे. आईला हाक मारायची तरी ‘न्हाय’, राग आला तरी ‘न्हाय’. समजत सगळं होतं, पण सांगायला जावं तर तोंडातून तेवढंच यायचं, आणि ते ऐकून आधी तेच दचकायचे. आई आठवड्याभरात त्या एका शब्दाचे सूर ओळखायला शिकली. हा पाण्याचा, हा पाठ दुखल्याचा, हा नुसताच कंटाळ्याचा.

माग दोन्ही बंद होते. आमच्या घरातला तो सन्नाटा मी कधी ऐकला नव्हता. भिंतीपलीकडचे माग मात्र चालायचे, आणि ते मध्येच थांबले की मी मोजायला लागायचे.

वडगावहून थोरले काका रोज यायचे. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. स्वतः विणकरच, आप्पांहून सहा वर्षांनी मोठे. ते आले की आप्पांच्या हनुवटीखाली टॉवेल धरून त्यांना चहा पाजायचे, दाढी करायचे. एक दिवस दाढीची वाटी धुता धुता त्यांनी मला विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही.

“तूच सांग बाळ. लोकांच्या म्हाताऱ्यांचं करायला तू तिकडं जाणार. मग तुझ्या बापाचं कुणी करायचं?”

ओळीतली चार घरं ज्या पोरीनं आधी पुरी केली, तिनं कुठल्या तोंडानं उत्तर द्यायचं. त्याच संध्याकाळी मी मॅडमना फोन करून येत नसल्याचं सांगितलं. पुस्तकं जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून ट्रंकेत टाकली. ‘नु’ची वही तेवढी खिडकीत राहिली. ती त्या दिवसापासून तिथंच पालथी पडली होती आणि तिला हात लावायचं मला धाडस होत नव्हतं.

व्यायाम शिकवायला एक डॉक्टर घरी येऊन गेले. ताटलीत मूग आणि हरभरे मिसळून द्यायचे, आप्पांनी ते उजव्या हातानं वेगळे करायचे. चेंडू दाबायचा. आणि लिहायचं, जे जमेल ते. आईनं दुकानातून पाटी आणली. मी तिच्यावर आप्पांचं नाव लिहून दिलं आणि त्यांच्या उजव्या चिमटीत पेन्सिल बसवली. आप्पा फार शिकलेले नव्हते, पण त्यांची सही झोकदार होती, खाली एक रेघ ओढून तिच्यावर दोन टिंबं देणारी. त्या दिवशी पाटीवर जे उमटलं त्याकडं ते बघत राहिले. मग तळहातानं पुसलं आणि भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी मी कन्नडमधून लिहून दिलं. सुताच्या व्यापाऱ्याकडं ते कन्नडमधूनच लिहायचे, तर ते तरी येईल असं वाटलं. तेही तसंच पुसलं. तिसऱ्या दिवशी पेन्सिल हातात घेतलीच नाही. हरभरे-मुगाची ताटलीही सरकवून दिली. आठवडाभर हेच. हात आता परत यायचा असेल तर पहिल्या काही महिन्यांतच येतो, हे मला माहीत होतं, आणि एकेक दिवस वाया चालला होता.

नोव्हेंबरातली एक दुपार. मी ड्यूटीवरून आले तर आप्पा खिडकीशी उशीला टेकून बसले होते. मांडीवर माझी ती वही, उघडी. शेजारी पाटी. पाटीवर कोंबडीनं पाय उमटवावेत तशा रेघा. जवळ जाऊन बघितलं तर वहीत शेवटचं लिहिलेलं पान त्यांच्यासमोर होतं, आणि ते त्या पानावरच्या शेवटच्या ओळीतून ‘नु’ उतरवून काढत होते.

मी तिथंच खाली बसले. त्या ओळीत काय आहे हे त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. हे अक्षर कुठल्या मुलखातलं, त्याचा उच्चार काय, काही म्हणजे काही ठाऊक नसताना ते त्याच्या मागं लागले होते. पुढं कितीतरी दिवसांनी मला त्याचं कारण उमगलं. स्वतःचं नाव वाकडं आलं की माणसाला आपण काय होतो ते दिसतं. हे अक्षर त्यांना कधीच येत नव्हतं. त्यात गमावण्यासारखं काही नव्हतं, आणि वाकडं आलं तर हसायला गल्लीत कुणालाही ते वाचता येत नव्हतं.

त्यांची तिरकी रेघ बरी आली होती. वळसा थरथरत का होईना पुरा झाला होता. शेवटी मात्र पेन्सिल घसरून बाहेर गेली होती. मी काही ठरवून बोलले नाही. तोंडातून गेलं.

“आप्पा, हे ‘मे’ झालं. ‘नु’ला शेवटाला गाठ मारायला लागती.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. दिवसाला किती गाठी त्या बोटांनी मारल्या असतील. माग थांबवून, अंधूक उजेडात, केसाएवढ्या तारेला. ते “न्हाय” म्हणाले, पाटी पुसली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा ‘मे’च झालं. पुन्हा पुसलं. अर्ध्या तासात त्यांना घाम फुटला, तेव्हा आईनं पाटी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी आपण होऊन मागितली, पण लिहायला सुरुवात करेनात. डाव्या हातानं ट्रंकेकडं दाखवून “न्हाय, न्हाय” चाललेलं. आम्ही चादर काढून दिली, टोपी काढून दिली. शेवटी आईनं माझ्या पुस्तकांचं गाठोडं काढून पुढं ठेवलं, तेव्हा ते गप्प झाले. गाठोडं त्यांनी माझ्याकडं ढकललं. मी पुस्तक उघडलं तेव्हा त्यांनी पेन्सिल उचलली. मी चहा टाकायला उठले तर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. परत येऊन बसले, तर उचलली. हरभरे-मुगाचंही तेच. मी मोठ्यानं वाचत असेन तोवर बोटं चालायची, मी थांबले की ताटली सरकायची. आई दारातून हे बघत होती. ती म्हणाली, “संप केलाय त्यांनी. तू शिकल्याबिगर ते काय हात हलवायचे न्हाईत.”

मी तरी काय करणार होते. त्यांचा हात चालता ठेवायचा तर मला परीक्षेचा अभ्यास करणं भाग होतं. मॅडमना पुन्हा फोन केला. त्यांनी कारण विचारलं नाही, कुठल्या पानापासून सुरू करायचं तेवढं सांगितलं.

मग आमची शाळा भरायला लागली. दुपारी तीन ते पाच, खिडकीतून ऊन पलंगावर यायचं तेवढा वेळ. मी शब्द म्हणायचे, अर्थ सांगायचे. आप्पा ‘नु’ काढायचे. दुसरं कुठलंच अक्षर त्यांनी घेतलं नाही. मी ‘नो’ दाखवला, तो एका वळशात होतो, सोपा आहे. त्यांनी मान वळवली. जे येत नाही तेच पाहिजे, असा तो हट्ट. मी मग त्यांच्यासाठी ‘नु’चे शब्द शोधायला लागले. ‘इनु’ म्हणजे कुत्रा, त्यावर ते गिरवत राहिले. ‘नुनो’ म्हणजे कापड, त्यावर त्यांची पेन्सिल थांबली. ‘किनु’ म्हणजे रेशीम. मी शब्द पाटीवर लिहून ‘नु’च्या खाली बोट ठेवलं. रेशीम लिहायचं तरी हे अक्षर लागतं आप्पा, कापड लिहायचं तरी हेच.

ते पाटीकडं बघत होते. ओठ हलत होते. मला वाटलं, नेहमीचा शब्द येणार.

“नूलु,” ते म्हणाले.

आई शेजारच्यांच्या कांड्या भरायचं सोडून धावत आली. नूलु म्हणजे सूत, कन्नडमध्ये. घरात आम्ही जन्मात कधी कन्नड बोललो नाही. पण चाळीस वर्षं सुताच्या व्यापाऱ्यापुढं बसून ज्या भाषेत घासाघीस केली, त्या भाषेतला शब्द सगळ्यांच्या आधी परतून आला. आई हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. म्हणाली, एवढ्या दिवसांनी तोंड उघडलं ते व्यापाऱ्यासाठी. आप्पाही हसले. ओठाची उजवी बाजू थोडी मागं राहिली, पण हसले.

त्यानंतर शब्द एकेक करून येत गेले. कुठला कधी येईल याचा नेम नव्हता. ‘धोटा’ आला, ‘मीठ’ आलं, माझं नाव आलं. दोन शब्द जोडून यायला दोन-तीन आठवडे लागले. हात मात्र तिथंच होता. वळसा घट्ट झाला, रेघ सरळ झाली, आणि शेवटाला पेन्सिल निसटायची ती निसटायचीच. परीक्षा चार दिवसांवर आली तरी पाटीवर ‘मे’च उमटत होतं.

परीक्षेला मी जावं असं अण्णांना वाटत नव्हतं. पास झालीस तर जाणार, मग पास तरी कशाला व्हायचं, हे त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. आईनं प्रवासासाठी धपाटे करून बांधून ठेवले.

शनिवारी सकाळची गाडी होती. शुक्रवारी संध्याकाळी आई दिवा लावायला उठली तशी मी आप्पांच्या पलंगाशी खाली बसले. ते ओझं घेऊन मला पुण्याला जाता येणार नव्हतं. वही उघडली, ती ओळ काढली, आणि सांगून टाकलं. माग थांबला तेव्हा मला कळलं होतं. तो लगेच सुरू झाला नाही, तेही कळलं होतं. मी ही चार घरं आधी लिहिली आणि मग उठले. डॉक्टरांनाही खोटी वेळ सांगितली. एवढं बोलून मी खाली बघत राहिले.

आप्पांनी वही जवळ ओढली. ज्या ओळीवरून गेला महिनाभर ते गिरवत होते त्याच ओळीवरून त्यांनी डाव्या हाताचं बोट हळूहळू फिरवलं, आठव्या घरापर्यंत. मग एकेक शब्द शोधून काढत म्हणाले,

“वळ… पुरी… केलीस?”

“व्हय आप्पा.”

“मग… बरं केलीस.”

मला काय म्हणायचं होतं ते त्यांना पुरतं समजलं होतं का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. समजलं असावं. विणकराला अर्धी ओळ सोडून उठलेलं आवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ असेल, किंवा त्याहून मोठाही असेल. पण त्यांनी ‘बरं’ म्हटलं म्हणून त्या मिनिटांचं वजन गेलं नाही. माझ्या कामात एका मिनिटाला काय किंमत असते हे मला माहीत आहे. ती मिनिटं माझी आहेत. त्यांना बरोबर घेऊन मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसले, आणि तेव्हापासून कुठल्याही माणसाची हालचाल थांबलेली दिसली की मी हातातलं टाकून उठते. ओळ असो, घास असो.

पुण्याची परीक्षा मी नीट दिली. वाचायचं जमलं. ऐकायचा पेपर मात्र पाण्यासारखा अंगावरून वाहून गेला. बाहेर पडतानाच मला कळलं होतं. घरी आले तर आप्पांनी भुवया उंचावल्या. मी मान हलवली. त्यांनी पाटीकडं बोट केलं. शाळा चालू.

भोगीच्या दिवशी मी ड्यूटीवरून आले तेव्हा घरभर तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा वास होता. आप्पा झोपले होते. पाटी खिडकीत ठेवलेली. तिच्यावर पाच-सहा अक्षरं होती, सगळी नेहमीसारखी शेपूट सुटलेली, आणि कोपऱ्यात एक ‘नु’. गाठ कांद्याएवढी मोठी आली होती, अक्षराच्या मानानं अगदी बेढब. पण गाठ होती. रेघ फिरून स्वतःवरून गेली होती आणि बंद झाली होती. आईला विचारलं. ती म्हणाली, सकाळपासून तेच चाललं होतं, ते झालं तसा त्यांनी चहा मागितला, प्याले आणि झोपले. तिला काही विशेष वाटलं नव्हतं. मी पाटी उचलली नाही. खिडकीपाशी उभी राहून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी दहांतल्या दोनांना गाठ बसली. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात निम्म्यांना.

महिनाअखेर निकाल आला. नापास. फार थोड्यानं, पण नापास. तेव्हा अण्णा घरात होते. मी मोबाईल खाली ठेवला. आप्पांनी पाटी घेतली, सावकाश एक ‘नु’ काढला, शेवटची गाठ मारली आणि पाटी माझ्या मांडीवर ठेवली. अण्णांना त्या अक्षराचं काही कळत नव्हतं, पण त्यांनी उजवा हात बघितला. ज्या माणसाच्या हनुवटीखाली ते टॉवेल धरत होते त्या माणसाचा उजवा हात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“पुढची परीक्षा कधी?” त्यांनी मला विचारलं.

जुलैत, मी म्हटलं.

“मग तवर दुपारचं मी येतो. एक माग चालू करू. हिला शिकवतो.”

ही म्हणजे आई. त्या वर्षी पन्नाशीला टेकलेल्या माझ्या आईनं माग चालवायला शिकून घेतलं. आप्पा खुर्चीत बसून बघायचे, तार तुटली की आईच्या आधी त्यांना दिसायची. जुलैत मी पास झाले. मग कामाची परीक्षा, मग कागदपत्रं. जानेवारीत सांबऱ्याच्या विमानतळावर तिघं मला सोडायला आले होते.

अण्णांच्या त्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुझ्या बापाचं कुणी करायचं? आईनं केलं, अण्णांनी केलं, आप्पांनी स्वतः केलं. मी लांबून फोन केले. हे बरोबर झालं की नाही याचा निवाडा मला येत नाही. तिकडं मी ज्या वृद्धाश्रमात काम करते तिथं एक आजोबा आहेत, त्यांचीही उजवी बाजू गेलेली. रोज सकाळी शर्टाची बटणं त्यांना स्वतः लावायची असतात. पहिल्या आठवड्यात मी पटकन पुढं होऊन लावून द्यायचे. माझ्या वरच्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि माझे दोन्ही हात माझ्याच पाठीमागं नेऊन ठेवले. मग सांगितलं, ते चालायला लागले तरी हेच, दुबळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागं उभी राहा. पडायला लागले तर धर. तोवर धरू नको. माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात अवघड काम आहे. मला ते यायला वर्ष लागलं.

आज सकाळी आप्पांना कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जायचं होतं. काठी डाव्या हातात. मी त्यांच्या उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागं. वाटेत एके ठिकाणी गटारावरची फरशी निघालेली आहे, तिथं पाय उंच उचलून पलीकडं टाकावा लागतो. आप्पा काठावर थांबले. गल्लीतली दोन माणसं आधार द्यायला पुढं झाली, त्यांना मी हातानं थांबवलं. दारातून आई बघत होती. तिनं तोंडाला पदर लावलेला मला दिसला.

आप्पांनी काठी पलीकडं टेकवली. डावा पाय टाकला. उजवा हवेत अडकला, थरथरला. माझा हात पुढं गेला. मी तो मागं घेतला.

उजवा पाय पलीकडं पडला. आप्पा दोन पावलं पुढं जाऊन थांबले, काठीवर वजन टाकून वळले, आणि मी अजून अलीकडंच उभी आहे हे बघून म्हणाले, “ये की.”